कोऱ्या पांढऱ्याचे वजन

"काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात काढली, त्यामुळे जगातला प्रत्येक फोटो छापायलाच आलाय असं त्यांना वाटतं. त्या दिवशीही त्यांनी सवयीने छपाईचा कलर प्रोफाइल चिकटवला, फाइल फुगली, ती साइटवर चढेना आणि एका हुशार मुलीचा परदेशी जायचा फॉर्म राहिला. पुढे योगायोगाने जे घडलं, त्याला काकांनी अमानवीय असं नाव देऊन टाकलं. बाकी काही नाही."

मागच्या महिन्यात या सदरात हे छापून आले आहे. लिहिणारा निखिल हा माझा सख्खा पुतण्या. खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ज्या 'काकां'विषयी त्याने इतक्या आपुलकीने लिहिले आहे, तो मी. संपादकांनी मला उत्तर द्यायला जागा दिली – तीन वेळा फोन केल्यानंतर का होईना, दिली – म्हणून हे लिहितो.

भुते, दृष्टांत, संकेत यांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. 'अमानवीय' हा शब्द या सदराचा आहे, माझा नाही. माझे काम रंगविभाजनाचे होते. एका रंगीत चित्राचे चार रंगांत तुकडे करायचे आणि कागदावर ते पुन्हा असे जुळवायचे की शिवण दिसता कामा नये. केसभर चूक झाली की मुखपृष्ठावरच्या नटीला चार ओठ दिसतात. माझ्या हातून गेलेल्या एकाही नटीला चार ओठ नव्हते. एवढ्यावरून माझ्या डोळ्यांविषयी वाचकांनी काय ते ठरवावे.

निवृत्तीनंतर हडपसरला, गाडीतळाजवळ, पहिल्या मजल्यावर मी छोटा डिजिटल स्टुडिओ काढला. मोबाइल सगळ्यांच्या हातात आले होते, पण फोटोसाठी लोकांना अजून स्टुडिओची पायरी चढावी लागे, त्या वर्षांतली ही गोष्ट. खोली दहा बाय चौदा. एका भिंतीला प्लायवूडचा बोर्ड, त्याला मी स्वतः दिलेला चमक नसलेला पांढरा रंग. समोर कॅमेरा, कोपऱ्यात कॉम्प्युटर. मे महिन्यातला मंगळवार होता. निखिल रजेवर होता. दुपारी आमच्याकडे जेवायला आला आणि जेवण झाल्यावर फुकटचे सल्ले द्यायला माझ्याबरोबर स्टुडिओत आला.

पावणेदोनला वैशाली आली. मुलगी मूळची वाशीमकडची, हडपसरच्याच एका आयटी कंपनीत टेस्टिंगच्या कामाला. कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. फॉर्म संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन भरायचा होता आणि सगळा भरून झाला होता, फक्त फोटो राहिला होता. अट अशी: पार्श्वभूमी कोरी पांढरी आणि फाइल साठ केबीच्या आत.

"काका, आज नाही गेला फॉर्म तर माझ्या जागी दुसरा मुलगा जाईल," ती म्हणाली. "होऊन जाईल नं?"

"बाई, साठ केबीत मी तुमचं लग्नसुद्धा बसवीन," मी म्हणालो.

हे वाक्य निखिलने त्याच्या लेखात घेतलेले नाही. घेतले असते तर निदान एक वाक्य तरी खरे छापून आले असते.

फोटो काढला. चौकोनी कापला, ठरलेल्या मापाचा केला, सेव्ह केला. फाइल सातशे केबीच्या वर गेली. येथे मी एक कबुली देतो, म्हणजे निखिलला ती देण्याचे श्रेय मिळणार नाही. होय, पहिल्यांदा सेव्ह करताना मी सवयीने छपाईचा प्रोफाइल ठेवला होता. प्रोफाइल म्हणजे फोटोबरोबर जोडलेली चिठ्ठी – यातला लाल म्हणजे नक्की कोणता लाल, हे पुढच्या यंत्राला सांगणारी. छपाईची चिठ्ठी लांबलचक असते. एकटीच पाचशे केबीची भरते. ही चूक छापखान्यातला माणूसच करू शकतो आणि छापखान्यातलाच माणूस ती एका मिनिटात पकडतो. मी पकडली. फोटो पडद्याच्या साध्या प्रोफाइलमध्ये आणला. त्याची चिठ्ठी जेमतेम तीन केबीची. पुन्हा सेव्ह केला.

दोनशे चौदा केबी.

प्रोफाइल पार काढून टाकला. दोनशे अकरा. म्हणजे चिठ्ठीचे तीन केबी गेले, बाकीचे जागच्या जागी. आता पुतण्याने सांगावे, त्या दोनशे अकरामध्ये माझी कोणती सवय बसली होती?

"काका, क्वालिटी खाली आणा ना," निखिल म्हणाला.

"आणली आहे."

"अजून आणा."

"अजून आणली तर या मुलीचा चेहरा फरशीसारखा दिसेल. जर्मनीवाले फरशी घेतील का?"

तरी आणली. चेहऱ्याचे चौकोन झाले, पण फाइल एकशे नव्वदच्या खाली येईना. वैशाली घड्याळाकडे पाहत होती. अडीच वाजून गेले होते. माझ्या मानेला घाम आला होता, हे मी लपवत नाही. तिच्या दोन वर्षांचा प्रश्न माझ्या एका आकड्यावर अडला होता, आणि तो आकडा हलत नव्हता.

फाइल लहानमोठी का होते, हे येथे दोन वाक्यांत सांगणे भाग आहे. फाइल म्हणजे चित्राचे वर्णन. चित्रात जितके बारकावे तितके वर्णन लांब. कोऱ्या पांढऱ्या बोर्डाचे वर्णन एका ओळीत संपते, म्हणून अशा फोटोंना वजन नसते. त्याच दिवशी सकाळी त्याच बोर्डासमोर एका गृहस्थांचा त्याच मापाचा फोटो मी काढला होता – एक्केचाळीस केबी.

म्हणून मी वैशालीला चित्रातून वगळले. फक्त तिच्या डाव्या खांद्यावरचा कोरा पांढरा तुकडा कापला आणि तेवढाच वेगळा सेव्ह केला. त्यात माणूस नाही, सावली नाही, काही नाही.

एकशे सत्तर केबी.

"हे शक्य नाही," निखिल म्हणाला. त्या दुपारी तो एवढेच एक वाक्य शास्त्रशुद्ध बोलला.

पडद्यावर पांढरेच होते. पण मोजून पाहिल्यावर पांढरे एकसारखे नव्हते. कुठे दोनशे पंचावन्न, म्हणजे पूर्ण पांढरे, कुठे दोनशे चोपन्न. एका अंकाचा फरक. डोळ्याला तो दिसत नाही, आणि फाइल दाबून लहान करणारे कॉम्प्रेशन असला फरक सर्वांत आधी पुसून टाकते. येथे ते पुसत नव्हते... ते अंकन् अंक जपून ठेवत होते.

पुसट फिल्ममधून चित्र ओढून काढायची एक जुनी रीत आहे. मी तीच येथे वापरली. तो एका अंकाचा फरक ताणून पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा केला.

आम्ही तिघांनी जे पाहिले ते असे. लोखंडी जाळी, वेलबुट्टीची. तिच्या उजव्या हाताला मोठे चाक. जाळीच्या मागे उंबरठा, उंबरठ्यापलीकडे उजेड. आणि सगळे खालून पाहिलेले. कॅमेऱ्याची उंची मला सांगावी लागत नाही, ती चित्रात दिसते. पाहणारा जमिनीपासून चार बोटांवर होता.

"नॉइज आहे, काका," निखिल म्हणाला. "कॅमेऱ्याचा सेन्सर असे फुकटचे ठिपके टाकतो. माणसाला ढगातसुद्धा हत्ती दिसतो."

"तुला दिसतोय का हत्ती?"

त्याला शिलाई मशीन दिसत होते. मलाही.

वैशाली पुढे झाली. पडद्याशी वाकली. मग पडद्याला बोट न लावता दाखवत म्हणाली, "ह्या पायाखाली अर्धी वीट आहे."

होती.

"आमच्या बाबांची मशीन आहे ही. ते शिवणकाम करतात. मी लहान असताना मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची. खालून अशीच दिसते."

"अगं, शिलाई मशीन सगळ्यांकडे असतं," निखिल म्हणाला.

"खालून पाहिलंय कधी तुम्ही?" ती म्हणाली आणि तिने मोबाइल काढला.

निखिलने लिहिले आहे की 'ती तशीही घरी फोन करणारच होती'. हे खोटे आहे. सकाळी आठला ती वडिलांशी बोलली होती. फॉर्म गेला की पाचनंतर करते, असे सांगून ठेवले होते. आई वारल्यापासून वडील गावी एकटेच राहत. तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मग शेजारच्या काकूंना लावला, आणि इतका वेळ आमच्याशी पुस्तकी बोलणारी मुलगी एकदम तिच्या गावच्या बोलीत गेली.

"काकू, जरा बाबाले पाहून या नं... नाही, फोन उचलून नाही राहिले... अवं, झोपले नसतील, दुपारी झोपत नाहीत ते... दार लोटून पाहा. मागच्या खोलीत. मशीनजवळ. काकू, खाली पाहा, खाली पाहा!"

'खाली पाहा' असे तिने दोनदा म्हटले. निखिलनेही ते ऐकले आहे. त्याच्या लेखात मला ते सापडले नाही.

पुढची वीस मिनिटे तिघांपैकी कोणी बसले नाही. फॉर्म कॉम्प्युटरवर उघडा होता, फोटोची चौकट रिकामी. मी तिला विचारले, "तोवर दुसरा फोटो काढू का? दोन मिनिटांचं काम आहे." ती म्हणाली, "काका, त्या बोर्डासमोर आत्ता मला उभं करू नका."

मी केले नाही. त्याबद्दल कोणाला मला दोष द्यायचा असेल तर खुशाल द्यावा. तो दोष मी घेतो. प्रोफाइलचा घेत नाही.

तीन पन्नासला काकूंचा फोन आला. बाबा मशीनच्या समोर जमिनीवर एका कुशीवर पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते, बोलता येत नव्हते, पण शुद्धीत होते. सकाळी अकराच्या सुमारास अर्धांगाचा झटका येऊन पडले असावेत, असे नंतर डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर आशा नव्हती, असेही म्हणाले. दोघा-तिघांनी त्यांना उचलून गाडीत घातले होते.

वैशालीने पर्स उचलली. मी म्हणालो, "बाई, एक तास आहे अजून. फॉर्मचं काय?"

"बाबांना पाहिल्यावर बघू," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. चारची वेळ होती.

ती गेल्यावर मी मूळ फोटो पुन्हा उघडला. का, ते सांगता येणार नाही; हाताला काहीतरी काम हवे होते. पांढरे मोजले. सगळीकडे दोनशे पंचावन्न. ताणून पाहिले, ताणायला काही नव्हतेच. पडद्याचा साधा प्रोफाइल आणि पहिल्या वेळचीच क्वालिटी ठेवून सेव्ह केला. अडतीस केबी.

म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी फोटो तयार होता. पण पासवर्ड वैशालीकडे होता आणि तिचा फोन सतत व्यस्त लागत होता. फॉर्म राहिला, हे खरे. फोटोमुळे राहिला, हे खोटे. तो तिने ठेवला. हडपसरच्या चौकात तिच्यासमोर दोन रस्ते होते, आणि तिने गावाकडचा धरला. त्या निर्णयाला 'म्हाताऱ्याची तांत्रिक चूक' म्हणणे हा माझ्यापेक्षा त्या मुलीचा अपमान आहे.

तिचे वडील आज कात्रजला तिच्याजवळ राहतात. काठी घेऊन चालतात. डाव्या हाताने कात्री धरायला शिकले आहेत.

या सगळ्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बोर्ड खरवडून पाहिला, त्याखाली प्लायवूड होते. कॅमेरा दोन ठिकाणी तपासून घेतला, त्यात दोष निघाला नाही. कार्डावरचा एखादा जुना फोटो मिसळला म्हणावे, तर त्या खोलीचा जमिनीवरून फोटो काढायला कोण कशाला जाईल? मी स्पष्टीकरण देत नाही, कारण माझ्याकडे ते नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी निदान आकडे तरी बरोबर लिहावेत.

निखिल आता म्हणतो, "काका, प्रोफाइल बदलल्यावर तो फोटो अडतीस केबीचाच होता. दोनशे चौदा तुम्ही वाचलेत, ते घाईत चुकीचं वाचलंत." निखिल एक गोष्ट विसरला आहे. मी ते पांढरे ताणून पाहायच्या आधी, ऑफिसात नेऊन प्रयत्न करतो म्हणून त्याने ती फाइल एका सीडीवर घेतली होती. नंतरच्या गडबडीत सीडी माझ्याच खणात राहिली. असल्या सीडीवर एकदाच लिहिता येते, लिहिलेले नंतर कोणालाही बदलता येत नाही, हे मला त्यानेच शिकवले आहे. काल मी ती लावून पाहिली. आत एकच फाइल आहे, त्या मंगळवारची, तीन वाजून बारा मिनिटांची, आणि तिचा आकार अडतीस केबी दिसतो. सीडीवर काळ्या मार्करने लिहिले आहे – 'वैशाली, २१४ केबी' – आणि अक्षर निखिलचे आहे.