आत्याचं बाड

आत्या एक वाक्य लिहायची आणि तांदूळ निवडायला बसायची. सूप रिकामं होईपर्यंत ते वाक्य तिच्या ओठांवर घोळत असे. मग उठून एखादा शब्द खोडायची. कधी अख्खं वाक्यच खोडायची आणि दौत झाकून ठेवायची. त्या दिवसाचं लिहिणं संपलं.

विधवा बाईनं आपली हकिगत लिहावी, हेच मुळी आमच्या गिरगावातल्या चाळीला पचत नव्हतं. त्यात ती वर्षानुवर्षं संपेना. "झालं का गो पुस्तक?" नळावर बायका हसून विचारत. "होईल," आत्या म्हणे, "कुणी ताटकळलंय थोडंच!"

एकजण होते. शेजारच्या खोलीतले मास्तर. पुस्तक पुरं झालं तेव्हा आत्यानं ते बाड त्यांच्याच हाती दिलं. "सावकाश वाचा," ती म्हणाली, "मीही सावकाशच लिहिलंय."

त्याच हिवाळ्यात मुंबईत गाठीचा ताप आला. मास्तरांच्या काखेत गाठ उठली आणि आठवडा उलटायच्या आत ते गेले. तपासणीची माणसं आली. मास्तरांचं अंथरूण, कपडे, कागद, सगळ्याचा अंगणात ढीग करून त्यांनी पेटवला. ढिगाच्या कडेला मला आत्याचं बाड दिसलं. मी धावले, ओढून काढलं. एक कोपराही जळला नव्हता. आनंदानं रडतच मी ते तिच्यापुढे धरलं.

तिनं ते हिसकावलं आणि जाळात फेकलं.

"आत्या! अगं, काय केलंस हे?"

"मास्तरांच्या उशाशी होतं ते. आपल्या घरात तान्हं मूल आहे. जा, राखेनं हात धू, कोपरापर्यंत."

आवाज जराही चढला नव्हता. हात चोळताना मी तिच्याकडे बघत राहिले. ती शेवटचं पान जळेपर्यंत तिथून हलली नाही.

साथ ओसरल्यावर ती पुन्हा लिहायला बसली. तशीच, एकेक वाक्य.

पुस्तक छापून आलं तेव्हा लग्न होऊन मी दादरला राहत होते. एका बैठकीत वाचलं आणि चक्रावून पुन्हा चाळलं. तिचा एकुलता एक बाळू गेला तो प्रसंग लिहायला पहिल्या वेळी तिला अख्खा पावसाळा लागला होता. तो प्रसंग पुस्तकात कुठंच नव्हता.

तशीच उठून गिरगावात गेले. "आत्या, बाळूचं पान छापायचं राहिलं का गं?"

तिनं तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं.

"ते एकदाच लिहिता आलं गो," ती म्हणाली.