चार लेटरहेडांवरचं कौतुक

"मेंढरांचं कुणी नावच काढलं न्हाय, सर. ती चार पानं काढून टाका."

काचेच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी त्याच पुस्तकाची डमी तपासत होते. डमी म्हणजे सगळ्या प्रती छापण्याआधी काढलेली एकच प्रत. लेखकानं तिच्यावर सही केली की पुढं काही बदलता येत नाही. बोलणारे लेखकच होते. लासुर्ण्याचे तात्या, पशुसंवर्धन खात्यातून रिटायर झालेले, वय सत्तरीच्या पुढं. समोर आमचे सर. सरांचा बारामतीत छापखाना आहे आणि वरच्या मजल्यावर प्रकाशन. तिथं मी एडिटर आहे.

एडिटर हा शब्द माझ्या व्हिजिटिंग कार्डावर आहे. कामात तो फारसा कुठं भेटत नाही. आमच्याकडं येतात आत्मचरित्रं, गौरवग्रंथ आणि निवडणुकीच्या आधीच्या वर्षात कवितासंग्रह. लेखकानं ते आधी घरी वाचून दाखवलेलं असतं. घरचे छान म्हणतात, कारण जेवायला एकत्र बसायचं असतं. मग ते व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. तिथं पहिल्या मिनिटाला 'अप्रतिम' येतं. एवढ्या वेळात तो मजकूर उघडतसुद्धा नाही. त्यानंतर आमचा नंबर. सरांचं धोरण पक्कं आहे. "आपण पुस्तकं छापतो मॅडम, माणसं दुखवत नाही."

मी तशीही कुणाला दुखवण्यातली नव्हते. इंदापूरला इंग्लिश मीडियममध्ये शिकले. मराठीत चारचौघांत बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं, आणि तोवर विषय बदललेला असतो. म्हणून मला जे वाटतं ते मी पिवळ्या चिकट कागदांवर पेन्सिलीनं लिहायचे, पानांना लावायचे आणि फाइल सरांकडं जाण्याआधी सगळे काढून टाकायचे. तीन वर्षांत असे ड्रॉवरभर कागद जमले होते. चांगल्या सूचना होत्या. एकाही लेखकानं त्या वाचल्या नाहीत.

तेव्हा माझ्या खऱ्या कामाचा मोठा भाग होता अभिप्राय. पुस्तकाच्या शेवटी 'मान्यवरांचे अभिप्राय' असा विभाग असतो. वाचकाला वाटतं, मान्यवरांनी पुस्तक वाचलं, विचार केला आणि पत्र लिहिलं. प्रत्यक्षात मान्यवरांच्या ऑफिसमधून व्हॉट्सॲपवर कोरं लेटरहेड येतं. सोबत पीएचा फोन. "काय लिहायचं ते तुमीच लिहा मॅडम, साहेब सही करतील." माझ्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक फोल्डर होतं. अभिप्राय आत्मचरित्र, अभिप्राय कविता, अभिप्राय महिला. महिलांसाठी वेगळी फाइल का, हे मी सरांना विचारलं होतं. "त्यात 'संसार सांभाळून' असतं," सर म्हणाले.

तात्यांच्या पुस्तकासाठी मी असे चार अभिप्राय लिहिले. पुस्तक न वाचता. मजकूर अजून टाइप व्हायचा होता, माझ्याकडं नुसती अनुक्रमणिका होती. 'बालपण', 'शासकीय सेवा', 'सहकारातील वाटचाल', 'मला लाभलेली पदे', 'सत्कार'. तेवढ्यावर मी 'ओघवती भाषा' लिहिलं, 'काळजाला हात घालणारे लेखन' लिहिलं. चौथ्या पत्राला सर म्हणाले, "एक अपेक्षापण टाका. सगळंच गोड असलं की खोटं वाटतं." मी टाकली. 'सहकारावरील विवेचन अधिक विस्ताराने आले असते तर बरे झाले असते.' लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल.

सह्या होऊन पत्रं तात्यांकडं गेली. तीन-चार महिन्यांनी मजकूर आला आणि मी वाचला. दोनशे पानांचं पुस्तक. 'माझ्या जीवनरूपी नौकेला सहकाररूपी वल्हे लाभले' हे त्यातलं बरं वाक्य. सत्काराच्या फोटोंत प्रत्येक वेळी तीच शाल असल्यासारखी दिसते. पण पान नऊ ते बारावर दुसराच माणूस लिहीत होता. तात्यांचे वडील मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे, घोड्यावर बिऱ्हाड, लहान तात्या मागून चालत. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीत कोंडायची. सकाळी जाळी उघडली की एकेक बाहेर येई आणि वडील बाजूला उभे राहून सांगत, कानफाटी आली नाही, आत बघ. वडिलांना वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. तात्यांनी लिहिलं होतं: 'बाबा मोजत नव्हता. तोंडं बघायचा.'

ही दोन वाक्यं मी त्या दिवशी सात-आठ वेळा वाचली. पिवळा कागद लावला. त्यावर लिहिलं, 'हे वाढवा, बाकीचं कमी करा.' आणि सवयीनं संध्याकाळी काढून टाकला.

आता तीच चार पानं काढायची होती. पुस्तक वडिलांना अर्पण, प्रकाशन वडिलांच्या पुण्यतिथीला, आणि वडील पुस्तकातून बाहेर.

सरांनी हाक मारली. "मॅडम, नऊ ते बारा उडवा. पाननंबर तेवढे नीट करा, आज सही आहे."

मी आत गेले. तात्यांच्या मांडीवर बटणाची प्लॅस्टिक फाइल होती. तिच्यात माझी चार पत्रं, लाल पेनानं अधोरेखित केलेली.

"बस की पोरी," तात्या म्हणाले. "हे बघ, चार मोठ्या मान्सांनी वाचलं. एकानं सेवेचं लिवलंय, एकानं पदांचं. मेंढरांचं एकबी बोलला न्हाय. मंजी ते जमल्यालं न्हाय. मला तर तेच बरं वाटत हुतं, पर आपल्याला काय कळतंय त्यातलं? अन् या साह्यबांनी सहकाराचं वाढवा म्हनलं, तर मी वाढवलं की. चाळीस पानं."

मला हे माहीत नव्हतं. ती चाळीस पानं मी तपासली होती आणि मनातल्या मनात त्यांची टिंगल केली होती. ती माझ्या त्या एका ओळीमुळं जन्मली होती.

"आता कसं भारदस्त झालंय," सर म्हणाले.

"व्हय, पर लिवता लिवता उरकंना," तात्या म्हणाले. "तीन म्हयनं बसलो त्याला."

मी "हो सर" म्हणून जागेवर आले. फाइल उघडली. चार पानं सिलेक्ट केली, निळी झाली. एक बटण दाबायचं होतं.

कौतुकानं कुणाचं काही बिघडत नाही असं आमच्या धंद्यात सगळे समजतात. मीही समजत होते, कारण त्यात माझी सोय होती. या भागात सूचना खरोखर मनावर घेणारा एकच लेखक मला भेटला, आणि त्याला मी सूचना दिली ती पुस्तक न वाचता, दुसऱ्याच्या लेटरहेडवर. ज्या खऱ्या होत्या त्या ड्रॉवरमध्ये. लाजाळूपणा म्हणून लोक मला माफ करत आलेत. या वेळी तो नुसता कामचुकारपणा होता.

मी डमी उचलली आणि परत आत गेले. सर तात्यांच्या पुढं पेन सरकवत होते.

"तात्या, ही पत्रं मी लिहिलीत."

"मॅडम, खाली चहा सांगा बरं," सर म्हणाले.

तात्यांनी फाइलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चारीबी?"

"चारही. साहेबांनी नुसत्या सह्या केल्या. सहकाराचं वाढवा, हेही माझंच. तेव्हा मी तुमचं पुस्तक वाचलेलं नव्हतं."

"तात्या, सगळीकडं असंच असतंय," सर म्हणाले. "ही पद्धतच आहे. मान्यवरांना वेळ कुठं असतो?"

"सर, तुमी जरा थांबा." तात्यांनी फाइलचं बटण लावलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला वाटलं, आता उठून जाणार. ते उठले नाहीत. "अन् ते काळजाला हात घालनारं?"

"तेही मीच. ते सगळ्यांनाच लिहिते."

तात्या एकदम हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मी ते नातेवायकांत वाचून दावलंय की गं." मग फाइल मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. "आता तरी वाचलंस का?"

"वाचलं. दोनदा."

"मग बोल. अन् गोड बोलू नको. गोड लई झालं."

त्या दिवशी डमीवर सही झाली नाही. पुण्यतिथीला प्रकाशन झालं नाही, मांडववाल्याला फोन करून नको म्हणायचं काम सरांनी मलाच लावलं, आणि पुढचे आठ दिवस ते माझ्याशी डीटीपी ऑपरेटरमार्फत बोलले. अभिप्रायांचं फोल्डर अजून आहे, आता दुसरं कुणी तरी ते भरतं. हे सगळं नंतरचं. तेव्हा मी खुर्ची ओढून तात्यांच्या शेजारी बसले, पान नऊ उघडलं आणि वाक्य मनात न जुळवता बोलले.

"मेंढरं राहू द्या. सहकार काढा, पदं काढा, सत्कार काढा. आणि या चार पानांतही एक चूक आहे. बाबा आहेत, घोडा आहे, कुत्रं आहे, मेंढरांची नावंसुद्धा आहेत. तुमची आई पण चालत असेल ना बरोबर? ती घोड्याच्या पुढं असायची की मागं, एवढंही लिहिलं नाही तुम्ही."