मुकी झालेली मोटरसायकल

बाबा उरणच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून मासळी आणून सुकापूरच्या सोसायट्यांत विकतात. सुट्टी असली की मीही मागे बसते. त्यांच्या मोटरसायकलचं इंजिन कायम टकटक करायचं. मेकॅनिककडे व्हॉल्व्हवरचे टॅपेट टाईट करून घेतले, तरी आवाज परत यायचा.

यंदा गाडी चढावर ओढेनाशी झाली. पनवेलच्या मेकॅनिकने इंजिनचं वरचं झाकण काढलं आणि कॅमशाफ्ट माझ्या हातावर ठेवला. त्यावर अंड्याच्या आकाराचे दोन उंचवटे असतात, त्यांनी व्हॉल्व्ह उघडतात, एवढं मला वाचून माहीत होतं. एक उंचवटा ठीक होता. दुसऱ्याचं टोकच नव्हतं. लोखंड असं झिजतं? त्यावरून नख फिरवलं तर खड्डे लागले. असल्या इंजिनावर बाबा रोज उरणहून येत होते.

"काका, टॅपेट बिचारे काय करतील? कॅमच खाल्लाय," मेकॅनिक म्हणाला. "तेल बदलता की नाही? नवा घातला की टकटक बंद."

"आवाज गेला तं गिऱ्हाईक कसं येल?" बाबा म्हणाले.

"मग जुनाच बसवू का?"

आम्ही हसलो. त्याने नवा कॅमशाफ्ट घातला, त्यावर घासून खरवडलेले रॉकरही बदलले, इंजिनातल्या चेनच्या खुणा जुळवल्या. गाडी सुरू झाल्यावर बाबांनी कान लावला. "चालू हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सुकापूरला इमारतीखाली थांबलो. एकही खिडकी उघडली नाही. खोक्यातला बर्फ पाणी होऊन रस्त्यावर गळू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबांनी इथे कधी हाकच मारली नव्हती. सोसायटीत हॉर्नला मनाई, म्हणून त्या टकटकीवरच बायका खाली यायच्या. काल ते गंमत करत नव्हते. आता ते वर बघत नुसते उभे होते.

"मी हाक मारू?" मी विचारलं. बाबांनी मान हलवली. "ताजे मासे उपलब्ध आहेत," मी कसंबसं म्हणाले.

"सूचना वाचतंस का?" बाबा म्हणाले.

मग आम्ही घरात बोलतो तसं मी जोरात ओरडले, "मावरं आयलं!" माझाच आवाज ऐकून मी दचकले. तिसऱ्या मजल्यावर खिडकी सरकली.

"अहो, आज गाडी कुठाय तुमची?" एका काकूंनी विचारलं.

बाबांनी सीटवर थाप मारली. "ही काय. बरी झाली, नि मुकी झाली."

काकू पातेलं घेऊन खाली आल्या. बाबा खोकं उघडत मला म्हणाले, "आता पुढच्या बिल्डिंगीखाली पन ओरड."