शफीभाईंना आवडणारी तंबाखू

आमचे हे, म्हणजे निवृत्ती, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. हातात कला होती, पण तोंडात शब्द नव्हता. अडलेलं मशीन नुसत्या बोटांनी चाचपून चालू करतील, आणि ‘भाजी कशी झालीय?’ विचारलं तर मान हलवतील. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळत नसे. असा माणूस एका गोष्टीसाठी हट्टाला पेटला, आणि ती गोष्ट निघाली तंबाखू.

ब्याऐंशी साली आम्ही नाशकात इंदिरानगरला घर बांधलं. मागे जरासं अंगण आणि पत्र्याची पडवी. ती पडवी मी मनातल्या मनात माझ्या शिवणाच्या मशीनला देऊन टाकली होती. पण पहिल्याच पावसाळ्यात हे कुठूनसं बी घेऊन आले. “दुकानातल्या तंबाखूत भेसळ असते. घरीच करू,” एवढंच बोलले. बी इतकं बारीक, की राखेत कालवून पेरावं लागतं. मी शिंकले असते तर सगळं पीक उडून गेलं असतं. पुढे कितीदा तरी वाटलं, शिंकायला हवं होतं.

रोपं माझ्या कमरेपर्यंत आली. कळी दिसली की शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे म्हणे पानात जोर येतो. त्या पानांचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि साबणाला दाद देत नाही. तेच हात पाण्याच्या तांब्याला, दाराच्या कडीला, माझ्या पडद्यांना. मग पानं सुतळीत ओवून पडवीभर टांगायची, कारण ती सावलीतच वाळली पाहिजेत. वाळली की गुळाचं पाणी शिंपडून पोत्यात दाबून उबवायची. उन्हाळ्यात असा काही वास सुटायचा की शेजारच्या साळूबाईंनी कुंपणावरून विचारलं, “मालन, तुमच्याकडं घूस मेली का गं?”

आणि इतकं करून तंबाखू कशी? एका वर्षी गवतासारखी, एका वर्षी बुरशी आलेली, एका वर्षी नुसत्या वासानेच घसा जळावा अशी. मी म्हणायची, पुरे आता. यांचं उत्तर ठरलेलं, “शफीला आवडली.”

शफीभाई यांचे कारखान्यातले जोडीदार. जेवणाच्या सुट्टीत दोघं लिंबाखाली डबा खायचे. मग हे चुना लावून तंबाखू मळायचे, थापटायचे आणि तळहात पुढे करायचे. कुणी तळहात पुढे केला की चिमूट घ्यायची आणि नावं ठेवायची नाहीत, हा त्या लिंबाखालचा रिवाज.

अशात जवळच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला मुलींच्या गणवेशांचं काम देऊ केलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम! मी नमुन्याचा फ्रॉक शिवून नेला. बाईंनी तो नाकाशी धरला आणि म्हणाल्या, “मालनबाई, मुलींना हा घालायचाय, खायचा नाहीये. स्वच्छ जागा झाली की सांगा. पण मेच्या आत.” लाजेने माझं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन यांना म्हटलं, पडवी रिकामी करा. हे म्हणाले, “यंदा शफीसाठी चांगली जमतेय.”

दुसऱ्या दिवशी मी तडक जुन्या नाशकात शफीभाईंचं घर गाठलं. त्यांना म्हणणार होते, एकदाच खरं सांगून टाका, ही तंबाखू वाईट आहे म्हणून. पण शफीभाई अजून कामावरून आले नव्हते. त्यांच्या बायकोने, रेहानाने, सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन त्यांचा कामावरचा शर्ट आणला आणि खिसा उलटा करून दाखवला. आतून सगळा तपकिरी.

“ये देखो ताई. तोंड आलं तेव्हापासून डॉक्टरनं यांची तंबाखू बंद केली, दोन वर्सं झाली. रोज चिमूट घेतात आणि गपचूप खिशात सोडतात. हे डाग धुऊन धुऊन मी बेजार झाले!”

“मग सांगत का नाहीत?”

“निवृत्तीभाऊ एवढ्या मेहनतीनं पिकवतात. त्यांचं दिल तुटेल म्हणतात.”

घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, चवीने सांगितलं. हे म्हणाले, “मी तरी कुठं खातो?”

“काय?”

“खायच्या लायकीची नाही ती. शफीची पाठ वळली की थुंकतो. त्याला आवडते म्हणून लावतो.”

माझं डोकंच फिरलं. दोन बाप्ये एकमेकांचं मन राखत बसले, आणि त्यात जागा गेली ती माझी! “उद्याच्या उद्या त्यांना सांगा,” म्हटलं, “आणि सुतळ्या उतरवा.”

यांनी सांगितलं. दोघं पोट धरून हसले म्हणे. पडवी मी फिनेलने धुतली, मशीन मांडलं, गणवेशांचं काम आलं. पण हे मात्र कामावरून दिवसेंदिवस उतरल्या चेहऱ्याने येऊ लागले.

“शफीभाई बसत नाहीत का आता?”

“बसतो. पण हातात मळायला काही नसलं की बोलायला सुचत नाही.”

शेवटी शफीभाईच म्हणाले, “निवृत्ती, मळ ना यार. फेकून देऊ.” झालं! भिंतीकडेला पुन्हा चार रोपं आली.

जुलैतला रविवार होता. गणवेशांची शेवटची खेप दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी पडवीत मशीन चालवत होते आणि हे समोर रोपांपाशी वाकलेले, मुके. मला एकदम भयंकर राग आला. शफीभाईंशी बोलायला हा माणूस शेती करतो, आणि माझ्याशी बोलायला काय करतो? मी मशीन थांबवलं.

“अहो, इकडं या. मळा जरा.”

“तू कधीपासून...?”

“मला नकोय. फेकूनच द्यायचीय. पण मळा.”

हे पायरीवर बसले. डबीत उरलेली जुनी तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, अंगठा फिरवला, आणि बोलायला लागले. कारखान्यातलं, लहानपणीचं, त्यांच्या आईचं, मी कधीच न ऐकलेलं. दिवेलागण झाली तरी थांबेनात. बाह्या लावायच्या राहिलेल्या फ्रॉकांचा ढीग तसाच पडून राहिला.