तिसऱ्या प्रकरणातली पावती

तारीख, एप्रिलचा दुसरा रविवार. रक्कम, तीनशे रुपये. हजर मी, शेजारचे आप्पा आणि दौंडहून आलेली माझी मुलगी.

शिरूरच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, म्हणून बैठकीत नियम झाला होता: पाणी बाहेर दिलं तर तीनशे रुपये दंड. आप्पांनी शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांना वीस लिटरचे दोन जार भरून दिले. ते नेहमीप्रमाणे रविवारच्या चहाला आले, तेव्हा मी पावती फाडली.

"आवो सेक्रेटरीसाहेब, प्यायला दिलं, इकलं न्हाई," आप्पा म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखा, आप्पा."

त्यांनी पैसे मोजून ठेवले आणि उठले. चहा तसाच राहिला.

मुलगी दौंडला शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. तिची पहिली कादंबरी पुढच्या काळातल्या एका शहराची. तिथला हुकूमशहा नळांवर पहारे बसवतो आणि तक्रार करील त्याच्या घराचं पाणी तोडतो. वाचक तिला विचारायला लागले, हा माणूस असा झाला कसा? म्हणून दुसरी कादंबरी, त्याच्या आधीच्या आयुष्याची. ऑगस्टमध्ये तिने छापायला देण्याआधी माझ्याकडे पाठवली. "आकडे तेवढे तपासा, पप्पा."

तपासले. तिसऱ्या प्रकरणात हा माणूस एका इमारतीचा सेक्रेटरी असतो आणि मजुरांना पाणी दिलं म्हणून एका म्हाताऱ्याची पावती फाडतो. वर दोन जारांचे साठ लिटर लिहिलेले!

मी पुढच्याच रविवारी एसटीने दौंड गाठलं.

"तुला जगात दुसरा सेक्रेटरी मिळाला नाही?"

"तो वाईट नाहीये, पप्पा. अजून तरी."

"अजून तरी म्हणजे? आणि वीस दुणे चाळीस. मास्तरीण ना तू?"

ती हसली. साठ खोडून चाळीस केले. "आता बरोबर?"

"बरोबर काय! ती पावतीच काढ."

"काढते. मग त्याची सुरुवात कशानं झाली, ते तुम्ही सांगा. खून-मारामारी नको. तसल्याला लोक पहिल्याच दिवशी ओळखतात."

मी चिडून पानं उलटत राहिलो. प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं, म्हातारा त्यानंतर चहाला आला नाही आणि सेक्रेटरीच्या ते ध्यानातही आलं नाही.

"आप्पा येतात का हो हल्ली?" तिने विचारलं.

टँकरच्या सगळ्या खेपा मला पाठ होत्या. हे मात्र मोजलं नव्हतं. परतताना एसटीत बोटांवर मोजलं. अठरा रविवार.

सोसायटीचे पैसे बैठकीशिवाय परत देता येत नाहीत, म्हणून खिशातले घेतले आणि आप्पांचं दार वाजवलं. त्यांनी नोटा पाहिल्या.

"आता ह्याची बी पावती फाडायची का?"

"नको. चहाला चला."

"साखर तरी मोजून घालू नगा," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

पुढच्या बैठकीत नियमात 'पिण्यापुरते सोडून' एवढे शब्द घातले. पावती कादंबरीत तशीच छापून आली, चाळीस लिटरसकट, आणि माझा राग काही गेलेला नाही. दिले ते तीनशे रुपये, रोख, आप्पांना.