देशी इंजिन

“देशी इंजिन टाका साहेब, मग दिवाळीत वहिनींना महाबळेश्वरला नेता की नाही बघा,” गॅरेजवाले शिंदेकाका बाबांना सांगत होते. आमच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली ही दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाबा आणि मी दुरुस्त करतोय. बाबा हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मी खाली बसून, आधीच लख्ख झालेला व्हॉल्व्ह पुन्हा पुसत होते. गाडीचं जुनं इंजिन सुटं होऊन चादरीवर पसरलं होतं. एक भाग कुठेच मिळत नव्हता आणि बाबांचा धीर संपत आला होता. दुसरं इंजिन बसवलं की गाडी धावेल, यात शंका नव्हती. बाहेरून कुणाला कळणारही नाही.

माझंही कुणाला कळत नाही. मुलगी पुढे जावी म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं आणि मी गेलेही. पण घरात कुणी काही विचारलं, की उत्तर आत आधी इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत आणेपर्यंत विषय बदललेला असतो. लोक म्हणतात, शांत आहे हो मुलगी. आत मात्र सतत काहीतरी खडखडत असतं.

“मग हे भंगारात देऊन टाकू?” शिंदेकाकांनी विचारलं.

बाबांनी चादरीकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवायला सुरुवात केली. वाक्य जुळवत बसायला वेळच नव्हता.

“नाही द्यायचं, बाबा. मला हिचा आवाज ऐकायचाय. हिचाच.”