बिनकामाच्या अक्षराची हजेरी

मी शाळेत इंग्रजी शिकवते. पण इंग्रजी स्पेलिंगपायी माझा पहिला पराभव झाला तो मुकुंदवाडीत, माझ्याच घरात, आईसमोर.

आई सातवी पास. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ती प्रेस मशीनवर होती. लाइन सुपरवायझर व्हायचं तर मशीनच्या बिघाडाचा रिपोर्ट इंग्रजीत लिहून दाखवायचा होता, आठ दिवसांत. त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसली नव्हती. आईला ती हवी होती आणि ती ते लपवतही नव्हती.

मी शिकवायला बसले. 'गेज', म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, इंग्रजीत लिहून दिलं: gauge. तिनं मधल्या यूवर बोट ठेवलं.

"ह्यो काय करतो?"

"काही नाही. असतो नुसता."

"काम करत नाय, तर हजेरी कशाला लावायची त्याची?"

मग 'नाइफ'चा के आला. "हा तर गेटवरच झोपलाय!"

हसायचं सोडून मी चिडले. चौथ्या दिवशी म्हणाले, "आई, तुझ्यानं नाही व्हायचं." तिनं वही मिटली आणि भाकरी थापायला उठली. ते मला अजून खुपतं.

परीक्षेत तिनं समोरच्या गळक्या मशीनचा अख्खा रिपोर्ट देवनागरीत लिहिला. प्रेशर, गेज, व्हॉल्व्ह, लीकेज. शब्द इंग्रजीच, अक्षरं आपली. साहेबांनी कागद बाजूला सारला. "मावशी, इंग्लिशमध्ये पाहिजे होतं."

"साहेब, मशीन कोन चालवतं? लाइनवर कुनालाबी द्या, वाचून दावतील."

साहेबांनी शेजारच्या मशीनवरच्या बाईला कागद दिला; तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. खाला उर्दू शाळेत शिकलेली, देवनागरी बोट ठेवून वाचणारी. तिनं हळूहळू पण न चुकता वाचलं, लिहिल्याप्रमाणे व्हॉल्व्ह आवळला आणि गळती थांबली. भिंतीवर इंग्रजी सूचना कित्येक वर्षं टांगलेल्या होत्या. लाइनवर त्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. खुर्ची आईला मिळाली.

स्टाफरूममध्ये इंग्रजी स्पेलिंग सुधारावं का, असा वाद निघाला की मी ठणकावून सांगते, सुधारावंच. लिहिलेलं वाचणाऱ्याच्या कामी आलं पाहिजे. हे मी कुठल्या कॉलेजात नाही शिकले, माझ्या सातवी पास आईकडून शिकले, आणि त्याचा मला लई अभिमान आहे.

खुर्ची मिळाली त्या संध्याकाळी आई गुलमंडीवरून जिलेबी घेऊन आली होती. पुडा माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "घ्या बाई, व्हायचं नव्हतं ते झालं."